छोटं पिस्तूल घेऊ का? ह्यूस्टनहून आलेल्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ते आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करता. पाळी रात्री साडेअकराला सुटते आणि गाडी पार्किंग गॅरेजच्या चौथ्या मजल्यावर असते. गेल्या महिन्यात तुमच्या मैत्रिणीची पर्स त्याच गॅरेजमध्ये कुणीतरी मागून येऊन हिसकावली. ती पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून तुमचे यजमान मागे लागलेत की एक छोटं पिस्तूल घे, पर्समध्ये सहज मावतं, टेक्ससमध्ये आता परवानाही लागत नाही, आणि आमच्या आजोबांकडेसुद्धा बारा बोअरची बंदूक होतीच की. तुम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळालंय. घरात पंधरा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेला दीर तुमच्याकडेच राहतो, आणि पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. घ्यावं का, कोणतं घ्यावं आणि घरी कुठे ठेवावं, असं तुम्ही विचारलंय.

पत्राच्या शेवटाकडे मुलाबद्दल एक वाक्य आहे. तो हल्ली खोलीतच असतो, बास्केटबॉल सोडलं, जेवायला खाली येत नाही, शाळेच्या काउन्सेलरने एकदा बोलावलं होतं, "पण वयच तसं आहे, होईल ठीक." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. माझं उत्तर मात्र तिथूनच निघतं, म्हणून आधी उत्तर सांगून टाकते: पिस्तूल आत्ता घरात आणू नका. पुढे कधी आणूच नका असं मी म्हणत नाही. तो तुमचा हक्क आहे, आणि रात्री एकट्या बाईने स्वतःच्या जिवाचा विचार करण्यात काहीही गैर नाही. पण आत्ता नको.

आता यजमानांचं म्हणणं घेऊ. त्यांची कायद्याची माहिती अर्धी बरोबर आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि शस्त्र बाळगायला अपात्र नसलेल्या माणसाला हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) जवळ बाळगायला परवाना लागत नाही. मात्र जिथे ती नेताच येत नाही अशा जागा कायद्यात मांडून दिल्या आहेत, आणि त्यात हॉस्पिटल आहे. हॉस्पिटलच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्या इमारतीत पिस्तूल नेणं हा गुन्हा आहे, आणि लॅबमधल्या कर्मचाऱ्याला अशी परवानगी मिळेल ही आशा धरू नका. पार्किंग गॅरेज त्या बंदीत येत नाही. शिवाय २०११ च्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवलं तर बहुतेक मालकांना मनाई करता येत नाही.

म्हणजे रोज काय घडेल ते बघा. दुपारी तुम्ही गाडी लावणार, पिस्तूल गाडीत ठेवून कामावर जाणार. रात्री साडेअकराला हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडून लिफ्टने वर येणार आणि खांबांच्या दोन रांगा ओलांडून गाडीपर्यंत चालणार. ज्या चालण्याची तुम्हाला धास्ती आहे, ते सगळं चालणं पिस्तुलाविना होणार. ते हाताशी येईल ते गाडीत बसल्यावर, म्हणजे दार लॉक करून सरळ निघून जाता येतं तेव्हा. यजमानांनी हा हिशेब केलेला दिसत नाही. आणि पाळीचे आठ तास ते पिस्तूल रिकाम्या गाडीत पडून राहणार. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांमध्ये गाड्या फोडून नेलेल्या बंदुकांचा वाटा फार मोठा आहे. ज्या गॅरेजमध्ये पर्स हिसकावतात, तिथे काचा फुटणार नाहीत असं कोण म्हणेल?

मैत्रिणीचा प्रसंगही नीट आठवून पाहा. माणूस मागून आला, पट्ट्याला हिसका दिला आणि पळाला. तुम्हीच लिहिलंय की तिला त्याचा चेहरासुद्धा दिसला नाही. तिच्या पर्समध्ये पिस्तूल असतं तर पर्सबरोबर तेही गेलं असतं, आणि त्या माणसाच्या हातात भरलेलं शस्त्र आलं असतं.

पर्सबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडच्या बायका पिस्तूल घेतात तेव्हा ते बहुतेक वेळा पर्समध्येच जातं. अंगावर बाळगायचं तर चाप पूर्ण झाकणारं, आकार न सोडणारं होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) लागतं, आणि ते धरायला जाड, ताठ पट्टा लागतो. सलवार-कुर्त्याला पट्टा नसतो, साडीला नसतो, लॅबमधल्या स्क्रबच्या नाडीला ते वजन पेलत नाही. पोटाला बांधायचे पट्टे मिळतात, पण कुर्ता वर करून, त्या पट्ट्यातून, घाबरलेल्या हाताने पिस्तूल काढायला किती सराव लागतो हे दुकानात कुणी सांगत नाही. मग "तात्पुरतं" पर्समध्ये. आणि पर्स ही वस्तू आपण दिवसभर इकडे तिकडे ठेवत असतो: किचनच्या ओट्यावर, शॉपिंग कार्टच्या बाळाच्या सीटवर, मंडळाच्या कार्यक्रमात खुर्चीखाली, मैत्रिणीच्या बेडरूममध्ये सगळ्यांच्या कोटांच्या ढिगात.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात एक तरुण आई नाताळानंतर दुकानात खरेदीला गेली होती. तिच्याकडे परवाना होता, तिला बंदुकीची चांगली सवय होती. पर्ससुद्धा साधी नव्हती, पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली खास पर्स होती. कार्टमध्ये बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने ती चेन उघडली. आई जागीच गेली. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. तुमच्या पर्समध्ये च्युइंगम असतं, फोन असतो, तिचे क्लिप असतात, आणि ती दिवसातून कितीदा त्यात हात घालते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सासूबाई आल्या की त्याही किल्ली शोधायला पर्स उघडतील. त्यात त्यांची काही चूक नसेल.

कोणतं घ्यावं, हा तुमचा दुसरा प्रश्न. आत्ता घेऊ नका म्हणाले तरी याचं उत्तर देते, कारण चुकीची माहिती डोक्यात राहिली तर पुढे कधीतरी चुकीची वस्तू घरात येईल. छोटं पिस्तूल बाईमाणसाला सोपं, असं बरेच विक्रेतेही सांगतात. अनुभव उलटा येतो. गोळी तीच आणि पिस्तूल हलकं, म्हणजे मागे येणारा धक्का मोठा. रुगर एलसीपी नावाचं एक फार खपणारं पिस्तूल आहे. ते रिकामं असताना जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं असतं, तळहातात लपतं. ते मुठीत धरलंत की पहिली गोष्ट कळते ती ही की करंगळीला जागाच नाही, मूठ तिच्या आधीच संपते. नळी आखूड, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा एकमेकींच्या अगदी जवळ, त्यामुळे मनगट केसभर हललं तरी गोळी भलतीकडे जाते. पहिली गोळी झाडल्यावर अंगठ्याच्या बेचक्यात चटका बसल्यासारखा धक्का बसतो आणि नवशिका माणूस दुसऱ्या गोळीला डोळे मिटतो. असं पिस्तूल घेतलेले बरेच जण दोन-तीनदा रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जातात आणि मग जायचं सोडतात. सराव नसलेलं पिस्तूल पर्समध्ये मात्र राहतं.

त्यापेक्षा थोडी मोठी, साधारण अर्ध्या किलोची ९ एमएमची पिस्तुलं सवयीने जमतात. २०१८ मध्ये सिग कंपनीने पी-३६५ पिस्तूल आणलं तेव्हापासून एवढ्याशा आकारात दहा गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) बसायला लागलं. त्याआधी याच मापाच्या ग्लॉक ४३ मध्ये सहाच बसायच्या. मात्र त्याची स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायला हातात जोर लागतो, आणि दुकानात गर्दीसमोर ती ओढली गेली नाही की बायका संकोचून "चालेल, हेच द्या" म्हणतात. तसं करू नका. स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझीसारखी, स्लाइड हलकी जावी म्हणूनच बनवलेली पिस्तुलंही आहेत. मनगट नाजूक असेल तर ती आधी बघावीत. आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची: या मापाच्या बऱ्याच पिस्तुलांना अंगठ्याने सरकवायची सेफ्टीची कळच नसते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) गोळी आहे आणि चाप ओढला गेला, की ती सुटली. चापाला बोट आणि लिपस्टिकचं टोपण यातला फरक कळत नाही. म्हणून पुढेमागे घेतलंत तर चाप झाकणारं होल्स्टर पिस्तुलाबरोबर त्याच दिवशी घ्यायचं. ते नसेल तर पिस्तूल दुकानातच राहू दे.

आजोबांच्या बंदुकीचं म्हणाल तर ती गोष्ट वेगळी होती. भारतात शस्त्र कायद्याखाली परवाना मागताना कारण द्यावं लागतं, पोलिसांची चौकशी होते. गावाकडची बारा बोअर बहुतेक पिकाच्या राखणीसाठी असायची. ती लांब बंदूक लपवून कुणी बाजारात न्यायचं नाही. यजमानांच्या मनात आजोबांबद्दल अभिमान आहे, तो असू द्या. पण आजोबांच्या अनुभवावरून पर्समधल्या भरलेल्या पिस्तुलाबद्दल काही ठरवता येत नाही.

दिराचं पत्रात ओझरतं आलंय, पण ते गंभीर आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळ्याही नाहीत, राज्याचा कायदा काहीही म्हणो. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. 'ताब्यात' म्हणजे हातातच हवं असंही नाही. तिजोरीचा कोड त्याला माहीत असेल, पिस्तूल दोघांच्या वापरातल्या कपाटात असेल, तर तो अडचणीत येऊ शकतो. सासूबाईंचा पर्यटक व्हिसाही याच वर्गात मोडतो. तुमच्या नावावर घेऊन त्याला वापरायला देणं तर फारच मोठा गुन्हा आहे. गंमत म्हणून त्याला रेंजवर नेऊन चार गोळ्या झाडायला देणंही नको. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसा संपलेल्या एका तरुणाने रेंजवर भाड्याच्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, त्यावरून खटला उभा राहिला आणि २०१९ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारने आरोपीला स्वतःच्या व्हिसाची स्थिती ठाऊक होती हेही सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं. ठीक आहे, पण तिथपर्यंत जायची पाळी कुणावर यावी? तुमच्या स्वतःच्या बाबतीतही लक्षात ठेवा: ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशातून रवानगी होऊ शकते. नागरिकाला दंडावर भागेल अशी चूक तुम्हाला घरदार सोडायला लावू शकते.

आता मुलाकडे येते.

पंधरा वर्षांचा मुलगा, आवडता खेळ सोडलेला, जेवायला न येणारा, काउन्सेलरने ज्याच्या आईला बोलावून घेतलं. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. कदाचित खरंच वयाचं असेल. पण ही लक्षणं नैराश्याचीही असतात. ज्या घरात अशी शंका आहे तिथे नवीन पिस्तूल आणू नये, यावर मी ठाम आहे, आणि यात तडजोडीला जागा दिसत नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. गॅरेजमधले दरोडे, शाळांमधले गोळीबार, टोळीयुद्धं, हे सगळं धरूनही निम्म्याहून जास्त मृत्यू त्या माणसाच्या स्वतःच्या हातून झालेले. तुमच्याच ह्यूस्टनमध्ये नव्वदच्या दशकात एक अभ्यास झाला होता. आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तेरा ते चौतीस वयाच्या लोकांना विचारलं, ठरवल्यापासून करेपर्यंत किती वेळ गेला? जवळजवळ चौथ्या भागाने सांगितलं, पाच मिनिटांपेक्षा कमी. ती लाट येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहांपैकी जवळपास नऊ जण वाचत नाहीत. बाकीच्या बहुतेक मार्गांत बहुतेक जण वाचतात, आणि एकदा वाचलेल्यांपैकी दहांतले नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, ते जगतात, शिकतात, संसार करतात. म्हणून अशा काळात घरात बंदूक नसणं हेच त्या मुलाला दिलेलं सगळ्यात मोठं संरक्षण असतं.

तुम्ही म्हणाल, तिजोरी घेऊ, कोड आम्हा दोघांनाच माहीत असेल. तिजोरी नसण्यापेक्षा असलेली केव्हाही बरी, आणि टेक्ससच्या कायद्याने आपल्या निष्काळजीपणामुळे सतराखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागलं तर तो गुन्हाच आहे. पण तुमच्या घरातला वायफाय, टीव्हीचा पिन, गॅरेजच्या दाराचा कोड, सासऱ्यांच्या फोनमधलं व्हॉट्सअॅप, हे सगळं कुणी लावून दिलं? त्यानेच ना? घरातले सगळे कोड कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचे असतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ते सगळे पाठ असतात. शिवाय रात्री बारा वाजता दमून घरी आलेल्या तुम्ही, पिस्तूल काढून, रिकामं करून, गोळ्या वेगळ्या ठेवून, तिजोरी लावून मगच जेवायला बसाल, असं रोज, वर्षभर, एकही रात्र न चुकता होईल का? तुम्ही निष्काळजी आहात म्हणून हे विचारत नाही. दमलेला माणूस म्हणून विचारतेय.

"घरात पिस्तूल असलं की घर सुरक्षित" या समजाबद्दलही एक सांगते. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळातल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःकडे बंदूक नाही, पण हँडगन असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहतात, अशा लोकांचा खून होण्याचं प्रमाण, घरात बंदूक नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. तुमचे यजमान प्रेमानेच सुचवताहेत, यात मला शंका नाही. पण प्रेमाने आणलेलं पिस्तूलही घरातल्या सगळ्या माणसांबरोबर, त्यांच्या सगळ्या चांगल्या-वाईट दिवसांत राहतं.

तेव्हा या आठवड्यात पहिलं काम मुलाच्या डॉक्टरांची वेळ घेणं. नेहमीचे पेडियाट्रिशियन चालतील, ते पुढे पाठवतील. काउन्सेलरला फोन करून विचारा की त्यांनी नेमकं काय पाहिलं म्हणून बोलावलं होतं. त्या भेटीत तुम्ही घाईत होतात असं पत्रावरून वाटतं. आणि मुलाशी बोला. गाडीत, शेजारी बसून, समोर रस्ता असताना मुलं जास्त बोलतात. सरळ विचारा: "तुला कधी जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार होतो. तो हो म्हणाला तर ओरडू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण त्याला एकटं सोडू नका. ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन करा किंवा मेसेज पाठवा. तो त्याच्या फोनमध्येही घालून ठेवा आणि तुमच्याही. "लोक काय म्हणतील", "मंडळात कळलं तर", हे सगळं नंतर बघू.

आणि गॅरेज? ती भीती मी बाजूला ठेवलेली नाही. तिच्यावर पिस्तुलापेक्षा लवकर आणि खात्रीने लागू पडणारे उपाय आहेत. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत सिक्युरिटीला फोन केला की पाळी सुटताना माणूस गाडीपर्यंत सोबत येतो. तुम्ही तो कधी मागितला नाही, कारण "रोज रोज कसं सांगायचं". रोज सांगा. त्यांचं ते कामच आहे. साडेअकराला सुटणाऱ्या तीन-चार जणी असाल तर एकत्र निघा आणि गाड्या एकाच मजल्यावर, लिफ्टजवळ लावा. टेक्ससमध्ये २०२३ साली झालेल्या कायद्याने हॉस्पिटलांना कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेबद्दल समिती, धोरण आणि आराखडा करणं भाग आहे, आणि तक्रार केली म्हणून कर्मचाऱ्यावर सूड उगवता येत नाही. मैत्रिणीच्या प्रसंगाची तारीख, वेळ, मजला, कोणता दिवा बंद होता, कॅमेरा कुठे नव्हता, हे सगळं लिहून त्या समितीला द्या. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि सगळ्या जणींच्या सह्या घ्या. रात्रपाळीवाल्यांना तळमजल्यावर जागा मागा.

पेपर स्प्रेची (मिरचीच्या फवाऱ्याची) छोटी बाटली टेक्ससमध्ये बाळगता येते. हॉस्पिटलचा स्वतःचा नियम काय आहे तेवढं विचारून घ्या. तिचा फायदा हा की दारातून बाहेर पडतानाच ती हातात असू शकते, पर्सच्या तळाशी नव्हे. पर्स आडवी, अंगावरून घ्या आणि कुणी हिसकावलीच तर सोडून द्या. मैत्रिणीचं मनगट पट्टा हाताला गुंडाळलेला होता म्हणून मोडलं, असं तुम्हीच लिहिलंय.

मुलगा सावरला, डॉक्टरांनीही आता काळजी नाही म्हटलं, दीर स्वतःच्या घरी गेला, सासूबाई परतल्या, आणि त्यानंतरही तुम्हाला (तुम्हाला, यजमानांना नव्हे) पिस्तूल हवंसं वाटलं, तर त्याचा क्रम उलटा ठेवा. आधी शिक्षण, मग परवाना, मग तिजोरी, आणि पिस्तूल सगळ्यात शेवटी. परवाना सक्तीचा नसला तरी काढा. त्याच्या क्लासला चार ते सहा तास लागतात, राज्याची फी ४० डॉलर आहे. परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी १७५ गुण लागतात. खरं सांगायचं तर ही परीक्षा सोपी आहे. ती पास झालात म्हणजे अंधारात, धडधडत्या छातीने नेम लागेल असं समजू नका. त्यासाठी चांगल्या प्रशिक्षकाकडे महिनोन् महिने जावं लागतं. रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं भाड्याने मिळतात. दहा प्रकार हाताळल्याशिवाय एकही विकत घेऊ नका.

परवान्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि विनापरवाना बाळगणाऱ्या बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. संघीय कायद्याने शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल बाळगणं हा गुन्हा आहे, पण त्या राज्याचा परवाना असेल तर सूट मिळते. ह्यूस्टनमध्ये हजार फुटांत शाळा लागत नाही असा रस्ता शोधून दाखवा! मुलीला सोडायला जातानाच तुम्ही त्या कक्षेत शिरता. शाळेच्या इमारतीत मात्र परवान्यानेही नेता येत नाही, आणि आपल्या मंडळांचा गणपती, दिवाळीचा कार्यक्रम कितीदा तरी शाळेच्याच सभागृहात असतो. एडिसनला बहिणीकडे जाल तेव्हाही ते घरीच राहिलं पाहिजे, कारण न्यू जर्सी टेक्ससचा परवाना मानत नाही.

हे पत्र यजमानांना वाचायला द्या, आणि व्हिसाचा भाग दिरालाही. मुलाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली की मला दोन ओळी लिहा. हॉस्पिटलच्या समितीने काय उत्तर दिलं तेही कळवा, कारण रात्री उशिरा सुटणाऱ्या बऱ्याच जणी हे सदर वाचतात आणि त्यांनाही असाच अर्ज करायचा असेल.